मल्हाररावांची ती ‘धोतरं’ आणि बखरींची लायकी

बोरूबहाद्दर
बखरीचं नाव काढलं की ‘भाकडकथा’ म्हणून हात झटकायची आपल्याकडे फॅशन आहे. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ साली पानिपतच्या काळातली पत्रं छापली, प्रस्तावनेत बखरींची पिसं काढली, उत्तम केलं. म्हणून बखरी वाचायच्याच नाहीत?

पानिपतावरच्या ‘भाऊसाहेबांच्या बखरी’त मल्हारराव होळकर शिंद्यांना बजावतात की अब्दालीच्या बाजूच्या त्या रोहिल्या नजीबखानाला मुळासकट उपटू नका, तो गेला की पेशवे आपल्याला धोतरं बडवायला बसवतील. मल्हारराव असं बोलले का, देव जाणे. पण पानिपतानंतर कुणा लिहित्या माणसाला हे त्यांच्या तोंडी शोभेलसं वाटलं आणि वाचणाऱ्यांनाही खपलं. सरदारांच्या मनातली ही धुसफूस जमाखर्चाच्या कागदात शोधून दाखवा.

रोखठोक सातारकर
‘शोभेलसं वाटलं’ म्हणे! त्या एका वाक्यानं पानिपतचं खापर होळकरांच्या माथी बसलं, ते अजून उतरलेलं नाही. तुम्हाला त्यात समाजमन दिसतं, मला बदनामी दिसते.

आणि तारखांचं काय? बखरींच्या भरवशावर महाराजांचा जन्म १६२७ चा धरून चाललो होतो. टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली (जेधे घराण्याची तारीखवार नोंदींची यादी) छापली, तेव्हा फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० समोर आली. कोरड्या चार ओळींनी पानंच्या पानं रद्दीत काढली.

माजघर
सातारकर, शकावली काय आभाळातून पडली? तीही कारीच्या जेधे देशमुखांच्या दप्तरातलीच. त्याच घराण्याचा करीना, म्हणजे घराण्यानं लिहून ठेवलेली आपली हकीकत, वाचा. अफझलखान आला तेव्हा कान्होजी जेध्यांनी महाराजांसमोर वतनावर पाणी सोडलं, हे त्यात कसं ठसवून सांगितलंय! घराण्यानं केलेली चाकरी लिहून ठेवायची ती पुढे वतनाचा वाद उभा राहिला तर कामी यावी म्हणून. तेव्हा ‘कोरडा कागद’ फार कोरडा समजू नका.

बोरूबहाद्दर
अगदी! शिवाजी महाराजांची बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाचंही तसंच. राजारामांच्या हुकमावरून जिंजीला बसून लिहिलेली बखर, मोगल दाराशी. त्यात भवानी दर्शन देते, बत्तीस मण सोन्याचं सिंहासन येतं आणि त्याच हातानं जमीनमोजणीही येते: वीस काठ्या लांब, वीस रुंद म्हणजे बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर, पिकाचे पाच वाटे, तीन रयतेचे, दोन सरकारचे. राज्य जायच्या बेतात असताना एक जुना नोकर धन्याच्या धाकट्या लेकाला थोरल्या धन्याची घडी समजावून सांगतोय. मला तरी सिंहासनापेक्षा ही काठी मोलाची वाटते.

रोखठोक सातारकर
काठी मान्य, कारण ती इतर कागदांशी ताडून बघता येते. म्हणजे शेवटी माझंच म्हणणं झालं ना? बरं, ‘समाज, समाज’ करताय तर सांगा, त्या तीन वाट्यांचा धनी असलेला कुणबी सभासदात कुठे तोंड उघडतो? बोलणार राजे, सरदार आणि देवी. लिहिणार कारकून.

माजघर
कुणबी बघायचा तर महजर (साक्षीदारांसमोर झालेले निवाडपत्र) आणि गोतसभेचे, म्हणजे गावच्या पंचसभेचे, निवाडे काढा. तिथे पाटील, महार, चौगुला (पाटलाचा मदतनीस) सगळे साक्षीला उभे असतात आणि बऱ्यापैकी भांडतात. बखरीच्या पोटातले पुष्कळसे वाद तिथूनच आलेत, हे मात्र दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

रोखठोक सातारकर
महजर चालतील. धोतरं नाही चालणार.