मुनशीपालटीतला मुनशी कोण?

माडाखालची:
माझी आजी मालवणजवळच्या खेड्यातली. नगरपालिकेला जन्मभर 'मुनशीपालटी' म्हणायची. लहानपणी मी विचारलं, असं का गो म्हणतात? तर म्हणाली, "थयलो मुनशी सारखो पालटता, म्हणान मुनशीपालटी." मला ते इतकं पटलं की शाळेत बाईंना जाऊन सांगितलं. वर्ग हसला, बाईही हसल्या.

परवा नळजोडणीचा अर्ज लिहायला बसले आणि पुन्हा तेच डोक्यात आलं. पावतीवर 'नगरपरिषद', जुन्या दगडी पाटीवर 'म्युनिसिपालिटी', आणि बाजारात सगळे म्हणतात 'पालिका'. म्युनिसिपालिटी लॅटिनमधून आली एवढं ठाऊक आहे. पण त्यात 'शहर' कुठे आहे? आणि आपले शब्द हे तिचं भाषांतर आहेत का?

आवक_जावक:
ताई, नमस्कार. एका नगरपरिषदेत कारकुनी करून निवृत्त झालो. घरपट्टीच्या वह्या भरता भरता हा शब्द हजारो वेळा लिहिला. निवृत्तीनंतर त्याच्या मागे लागलो, म्हणून जरा लांबण लागेल.

त्यात शहर नाहीच. लॅटिन 'मुनुस' म्हणजे वाट्याला आलेलं काम, कर्तव्य. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ देणगी. 'कापेरे' म्हणजे घेणे. दोन्ही मिळून 'मुनिकेप्स', म्हणजे गावाचा भार अंगावर घेणारा. अशा लोकांचं गाव ते 'मुनिकिपियुम'. म्हणजे आधी माणूस, मग गाव, आणि कचेरी तर फारच नंतर.

भार आणि देणगी एकाच शब्दात कशी, याचं मला बरेच दिवस कोडं होतं. शिमग्यात सुटलं. आमच्या गावात पालखीला पहिला खांदा कुणाचा, निशाण कुणी धरायचं, होळी कुणी तोडून आणायची, सगळं ठरलेलं. तो ज्याचा त्याचा मान. मान आहे म्हणून मिरवायचं, आणि मान आहे म्हणूनच अंगात ताप असला तरी तापल्या सड्यावरून अनवाणी चालायचं. यंदा नको म्हणून चालत नाही, आणि दुसऱ्यानं घेतला तर भांडण. मुनुस म्हणजे हाच मान. मुनिकेप्सला मराठीत शब्द द्यायचाच तर मी 'मानकरी' देईन.

त्यामुळे 'पालिका' हे भाषांतर नव्हे. पाळणारी, सांभाळणारी ती पालिका. तिथे आपण पोरं झालो आणि ती आई. गटार तुंबलं की घरात बसून तिच्या नावानं ओरडायला मोकळे. (काउंटरच्या आतल्या बाजूला बसून मी हे ओरडणं भरपूर ऐकलंय, म्हणून हा राग.) 'परिषद' म्हणजे भोवती बसलेली सभा. १९६५ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात नगरपरिषद हाच शब्द आहे, म्हणून पावतीवर तो. दापोली-कणकवलीत नगरपंचायत. महानगरपालिका मोठ्या शहरांची, आणि महापौरही फक्त तिथेच. गंमत बघा, 'महापौर' हा शब्द सावरकरांचा. भाषाशुद्धीची चळवळ त्यांनी रत्नागिरीत स्थानबद्ध असताना चालवली, १९२४ ते ३७ च्या त्या काळात. आणि रत्नागिरीला मात्र नगराध्यक्ष! इंग्रजी 'मेयर'सुद्धा लॅटिन 'मायोर'वरून, म्हणजे 'अधिक मोठा'. तेव्हा 'महा' अगदी चपखल बसलंय.

मुनुसची आणखी एक लेक तुमच्या ओळखीची आहे, इम्युनिटी. 'इम्युनिस' म्हणजे ज्याला गावाचा भार माफ, आपल्याकडचा माफीदार म्हणा. शरीर रोगापासून माफ, हा अर्थ फार उशिरा आला. कोविडमध्ये आपण काढे पीत होतो ते या माफीसाठी.

रात्रीची_कोकणकन्या:
काका, मान पटला, पण एक बाजू राहिली. रोमनांनी जिंकलेल्या कित्येक गावांना सुरुवातीला अर्धंच नागरिकत्व दिलं होतं. सैन्यात जा, कर भरा, पण रोममध्ये मत नाही. आर्पिनुम नावाचं गाव घ्या. त्याला हे बिनमताचं नागरिकत्व इ.स.पू. ३०३ मध्ये मिळालं आणि मताचा हक्क मिळाला १८८ मध्ये. एकशे पंधरा वर्षं नुसता भार, मान नाही.

रोमचा नामांकित वक्ता सिसेरो याच गावचा. तो म्हणायचा की मुनिकिपियुमच्या माणसाला मायभूमी दोन असतात, एक जन्माची आणि एक नागरिकत्वाची. हे वाचलं तेव्हा मी डोंबिवलीहून गाडीत उभा होतो, गणपतीला गावी निघालेला. आमचं उलटं आहे. मत डोंबिवलीत आणि घरपट्टी गावच्या बंद घराची. भाऊबंद वर विचारतात, "चाकरमान्यांनु, आरतीक येतलास मा?"

पत्रादेवीपलीकडे:
आम्ही गोव्याच्या हद्दीला लागून. आमच्याकडची जुनी माणसं म्युनिसिपालिटी म्हणतच नसत, 'कामर' म्हणत. पोर्तुगीज 'कामारा मुनिसिपाल' यातलं दुसरं टोक गळालं आणि खोली तेवढी उरली. कारण कामारा म्हणजे मुळात खोली, दालन. लॅटिन 'कामेरा', तेही ग्रीकांकडून उचललेलं, अर्थ कमानीचं छत. हिंदीतला 'कमरा' पोर्तुगीजांचाच, आणि फोटोचा कॅमेरा म्हणजे मूळची 'अंधारी खोली'. म्हणजे कामरात जाऊन कमऱ्यात बसून कॅमेऱ्यात बघायचं, तिन्ही वेळा शब्द एकच.

जाता जाता, काकांचा 'पगार'ही पोर्तुगीज, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणे. घेणेकऱ्याचं तोंड बंद करणे.

माडाखालची:
सगळ्यांचे आभार. काका, 'मानकरी' मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आमच्या घराकडे देवळातली दिवाबत्ती आहे, तिला कुणी पगार देत नाही आणि ती कुणाला सोडवतही नाही. म्हणजे आई मुनिकेप्स झाली.

पण आजीचा मुनशी मात्र वाऱ्यावर गेला. वाईट वाटलं.

आवक_जावक:
वाऱ्यावर कशाला? व्याकरणाला सोडा, माहिती बरोबरच होती. आमच्याकडे मुख्याधिकारी इतक्या वेळा पालटले की दारावरची नावाची पाटी रंगवून घेणं आम्ही बंद केलं होतं. शिपाई खडूनं लिहायचा.