निळ्या घरातलं बंद न्हाणीघर

इथे कुणीतरी विचारलंय की मेक्सिकोतली चित्रकला आणि घराण्याची मुळं यांवर मुलांसाठी रहस्यकथा लिहायची, तर रहस्य आणायचं कुठून? अहो, ते तिथेच आहे! मेक्सिको सिटीतल्या कोयोआकान भागात चित्रकार फ्रीडा कालोचं निळं घर आहे. ती १९५४ मध्ये वारली. तिचं सामान एका न्हाणीघरात बंद होतं आणि आपल्या मृत्यूनंतर १५ वर्षं ते उघडू नका, असं तिचा नवरा दिएगो रिवेरा सांगून गेला. तो १९५७ मध्ये वारला. दार मात्र उघडलं थेट २००४ मध्ये. आत तिचे पोशाख, दागिने, औषधं!

आणि तिचं १९३६ चं कुटुंबाचं चित्र मुलांना दाखवाच. छोटी फ्रीडा अंगणात उभी, हातात लाल फीत, तिची टोकं वर दोन्हीकडच्या आजी-आजोबांपर्यंत गेलेली. आईकडचे डोंगरांवर, वडिलांकडचे समुद्रावर, कारण वडील जर्मनीहून आलेले. गोष्टीतल्या मुलीला नकाशाऐवजी हेच चित्र द्यावं असं मला मनापासून वाटतं. आपली अर्धी माणसं समुद्रापलीकडची कशी, हा प्रश्न तिला पडला की शोध सुरू. (आजीला मात्र ‘आबुएला’च म्हणू द्या, स्पॅनिशमध्ये आजीला तेच म्हणतात.)