जुन्या इंची नकाशातील नाले आणि पाणलोट कसा वाचावा?

प्रश्न
नमस्कार. आमचे गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या, एका इंचास एक मैल प्रमाणाच्या जुन्या नकाशाची प्रत नुकतीच मिळाली. तिच्यात गावाखालचा ओढा वरच्या अंगाला काळ्या रेषेने, तर पुढे निळ्या रंगाने दाखवला आहे. शिवाय मागच्या पठारावरचे पाणी मलप्रभेला मिळते की म्हादईला, हे उमगत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १
काळी रेषा म्हणजे कोरडे पात्र आणि निळा रंग म्हणजे पाणी. या नकाशांसाठीची मोजणी पावसाळा सरल्यानंतरच्या कोरड्या हंगामात होत असे. त्यामुळे श्रावणात दुथडी भरून वाहणारा ओढाही नकाशात काळाच दिसतो. निळा रंग जिथून सुरू होतो, त्या जागी एखादा झरा किंवा जुना डोह आहे का, ते गावातल्या वयस्कर माणसांना अवश्य विचारा.

उत्तर २
पाण्याची दिशा समोच्च रेषांवरून, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांवरून ओळखावी. नाला ओलांडताना या रेषा दुमडतात आणि त्यांचे टोक नेहमी उगमाच्या बाजूला वळलेले असते. दोन विरुद्ध दिशांच्या टोकांमधला, एकही नाला न ओलांडणारा उंचवटा हाच पाणलोटाचा दुभाजक. मात्र या नकाशांत दोन रेषांमध्ये उंचीचे बहुधा ५० फुटांचे, म्हणजे सुमारे १५ मीटरचे अंतर असते. कणकुंबीसारख्या पठारावर त्याहून कमी उंचीचा चढ कागदावर उमटतच नाही, आणि नेमका तोच चढ पाणी कुठे जाणार ते ठरवतो. मलप्रभा कणकुंबीलाच उगम पावून पूर्वेकडे कृष्णेला मिळते, तर त्याच परिसरातला कळसा नाला म्हादईत जाऊन गोव्याकडे वळतो. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, नकाशावर दुभाजक पेन्सिलीने आखून घ्यावा आणि भर पावसात पठारावर जाऊन पडताळावा.

उत्तर ३
एक सावधगिरी. ओढ्याकाठच्या शेताच्या बांधावरून वाद असेल, तर हा नकाशा उपयोगाचा नाही, कारण त्यात सर्वे नंबर नसतात. त्यासाठी भूमापन खात्याचा गावनकाशा आणि उतारा काढावा लागेल.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. वाद कसलाच नाही. निळी रेषा सुरू होते त्या जागी आजही उन्हाळ्यात गुरे पाण्यावर नेतात. दुभाजक आखून पावसाळ्यात पठारावर जाईन आणि तिथला उतार कसा आढळला ते इथेच कळवीन.