विषय: नॉर्थ बेरिकची सहल, आणि एक विनंती

नमस्कार मंडळी,

पुण्यात परतून पंधरा दिवस झाले. जूनमध्ये तुमच्या मंडळाबरोबर स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकच्या सीबर्ड सेंटरला (समुद्रपक्षी केंद्राला) आले होते, त्याबद्दल लिहायचं राहूनच गेलं होतं.

तिथले कॅमेरे तर सगळ्यांनाच आवडले. आपण इथे बसून कळ फिरवायची आणि तिकडे भर समुद्रातल्या बास रॉक या खडकाळ बेटावरचा कॅमेरा वळायचा! गॅनेट या समुद्रपक्ष्याची एवढी मोठी वसाहत जगात दुसरी नाही. २०१४ च्या मोजणीत ७५ हजारांवर घरटी होती. २०२२ मध्ये बर्ड फ्लू आला आणि पुढच्या वर्षी ती ५२ हजारांच्या आसपास भरली. त्या आजारातून वाचलेल्या काही पक्ष्यांची फिकट निळी बुबुळं काळी पडली आहेत. असा एक पक्षी पडद्यावर दिसला तेव्हा पोटात कालवलं.

पण मनातून जात नाही ते शेजारचं क्रेगलीथ बेट. पफिन हा छोटा समुद्रपक्षी जमिनीत बीळ करून एकच अंडं घालतो. १९९९ मध्ये तिथे २८ हजार जोड्या होत्या. मग ट्री मॅलो नावाचं झाड माजलं. त्याचं जांभळट फूल बघून मी लेकीला म्हटलं, अगं, ही आपल्या भेंडी-जास्वंदाच्या कुळातली! माणसाच्या डोक्यावर जाईल एवढं ते वाढतं. त्याने बिळांची तोंडं बुजली आणि पफिन काही हजारांवर आले. २००७ पासून स्वयंसेवक होडीने जाऊन, पक्षी समुद्रावर गेलेले असताना, ते कापून काढतात. दरवर्षी कापावं लागतं, कारण बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं. मोकळ्या झालेल्या जागी पफिन पुन्हा घरटी करू लागले आहेत.

मी टेकडीवर रोज जाणारी बाई, त्यामुळे मला आमच्या टेकडीवरचं गिरिपुष्प (ग्लिरिसिडियाचं झाड) आठवलं. ते भराभर वाढलं, टेकडी हिरवी दिसू लागली. पण त्याच्या दाट सावलीत गवत धरत नाही, आणि जमिनीवर घरटं करणाऱ्या चंडोलाला, लाव्याला गवतच हवं. झाड काढा म्हटलं की आमच्या गटातही भांडणं होतात. क्रेगलीथवर ते काम लोकांनी इतकी वर्षं नेटाने चालवलंय, याचं मला फार अप्रूप वाटलं.

म्हणून विनंती. या हिवाळ्यात मंडळातून एक तुकडी तिथे पाठवा. दिवाळीचा कार्यक्रम झाला की लगेच ठरवा.

काकू, कोथरूड

---

काकू, नमस्कार.

सेंटरला आजच लिहितो. मी आणि बायको नक्की. समुद्र खवळला तर होडी रद्द होणार, तेव्हा दोन-तीन तारखा हाताशी ठेवू.

डिसेंबरात आम्ही पुण्यात आहोत. गॅनेटला पाण्यात सूर मारताना बघितल्यापासून लेकीला समुद्रपक्ष्यांचं वेड लागलंय. तिला कुठे नेऊ?

---

अरे, भिगवणला ने! सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर. पहाटे साडेचारला निघा म्हणजे उजाडताना पाण्यावर असाल. उजनी धरणाच्या फुगवट्यावर मासेमारी करणारेच होडीतून फिरवतात. समुद्र इतका लांब, तरी थंडीत तिथे कुरव आणि सुरय असतात. सुरय सूर मारतो तो तिला दाखव, गॅनेटचीच छोटी आवृत्ती. रोहित (फ्लेमिंगो) आले असतील तर तेही दिसतील. काही लोक कुरवांना गाठी-शेव टाकतात, तेवढं मात्र करू देऊ नकोस.

एक दिवस ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्राला द्या. ठाणे खाडीतून होडी जाते, पण भरती-ओहोटी बघून, म्हणून वेळ आधी विचारून घे. खाडीला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

गॅनेटचा भाऊबंद बूबी आपल्या कोकणातही येतो, पण तो पावसाळ्यात, वादळाने भरकटून, थकून किनाऱ्यावर पडलेला. डिसेंबरात त्याची आशा तिला लावू नकोस.

दुर्बीण आणू नकोस, माझी आहे. आणि क्रेगलीथच्या यादीत माझ्या लेकीचंही नाव घाल, मी तिला फोन करते.

काकू