जोडलेल्या फ्रेम रिकाम्याच राहतात, मजकूर मात्र २२व्या पानावर अडून बसतो

प्रश्न : रावेरहून

नमस्कार. आमच्या भागातील शेतकऱ्यांसाठी केळी लागवडीवरील ६४ पानांची पुस्तिका मी इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडत आहे. सर्व पानांवरील फ्रेम, म्हणजे मजकुराच्या चौकटी, एकमेकींना जोडलेल्या आहेत आणि २१ पानांपर्यंत मजकूर व्यवस्थित पुढे सरकला. २२व्या पानावर करपा आणि हरण्या या रोगांचा तक्ता येतो. त्यातील करप्याच्या ओळीनंतर सर्व थांबते आणि २३व्या पानापासून शेवटपर्यंत फ्रेम कोऱ्या राहतात. मजकूर मावत नसल्याचे लाल अधिक चिन्ह मात्र ६४व्या पानावरील फ्रेमवर दिसते, म्हणून मी त्यापुढे आणखी सहा पाने जोडून पाहिली. तीही कोरीच राहिली. मजकूर पुसला गेला असेल का, ही काळजी वाटते. पानागणिक वेगळी फ्रेम करून मजकूर कापून चिकटवणे, एवढाच मार्ग उरला आहे का?

उत्तर : धुळ्याहून

मजकूर गेलेला नाही, भाऊ. मजकुरात कर्सर ठेवून कंट्रोल आणि वाय दाबा. स्टोरी एडिटर उघडेल आणि न मावलेला भाग तेथे पूर्ण दिसेल. लाल चिन्ह नेहमी साखळीतील शेवटच्या फ्रेमवरच दिसते, त्यामुळे अडथळाही तेथेच असावा असा समज होतो. पुढच्या फ्रेम कोऱ्या असताना चिन्ह दिसत असेल, तर जागा कमी पडलेली नसून मधली एखादी गोष्ट कोणत्याच फ्रेममध्ये मावत नाही, असे समजावे. फ्रेमपेक्षा उंच असलेले, मजकुरात बसवलेले छायाचित्र, किंवा सर्व ओळी एकत्र ठेवण्याची सूचना दिलेला फार लांब परिच्छेद, ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

कापून चिकटवण्याचा मार्ग कृपया धरू नका. छपाईच्या आदल्या दिवशी कोणी एक वाक्य वाढवले, तर पुढची प्रत्येक फ्रेम हाताने सरकवावी लागते आणि त्या घाईत एखादी ओळ हमखास गळते. शेतकऱ्याच्या पुस्तिकेत औषधाच्या प्रमाणाची ओळ गळली, तर त्याचे नुकसान थेट शेतात होते.

उत्तर : भुसावळहून

आपण तक्त्याचा उल्लेख केला आहे, त्यामुळे दोष तेथेच असावा. इनडिझाइनमध्ये तक्ता एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये जातो, परंतु त्याची एक आडवी ओळ दोन फ्रेममध्ये विभागली जात नाही. हरण्याची लक्षणे, प्रसार आणि उपाय हे सर्व एकाच रकान्यात लिहिले असल्यास ती ओळ पानाच्या फ्रेमपेक्षा उंच होते आणि तिच्यामागचा सगळा मजकूर अडकून पडतो. त्या ओळीच्या तीन ओळी करा आणि मधल्या रेषा काढून टाका. वाचणाऱ्याला ती एकच नोंद दिसेल. तक्त्याची शीर्षक-ओळ ‘हेडर रो’ म्हणून नेमा, म्हणजे पुढच्या पानावर ती आपोआप पुन्हा येईल.

प्रश्नकर्ता, रावेर

ताई, आपण म्हणता तेच कारण निघाले. मूळ मजकूर जुन्या फॉन्टमध्ये होता. तो युनिकोडमध्ये आणल्यावर अक्षरे रुंद झाली आणि हरण्याची ओळ फ्रेमबाहेर गेली. तिचे तीन भाग करताच पुढची पाने भरली. परंतु मजकूर आता ६६व्या पानापर्यंत जातो. आमचा छापखाना १६ पानांच्या फॉर्मने, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटाने, छापतो, म्हणजे चार फॉर्म भरून दोन पाने उरतात. ओळींमधील अंतर थोडे कमी करू का?

उत्तर : भुसावळहून

अंतराला हात लावू नका. देवनागरीत वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार येतात. अंतर आवळले की ते एकमेकांना भिडतात आणि वयस्कर वाचकाला त्रास होतो. आधी परिच्छेदांना वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांच्या ओळी नीट जुळवणारा पर्याय, लावलेला आहे ना, हे पाहा. तो नंतर बदलला तर ओळी पुन्हा वेगळ्या ठिकाणी तुटतील आणि पानांचा हिशेब फसेल. त्यानंतर तक्त्यातील लक्षणांचा रकाना रुंद करून नावांचा अरुंद करा. मग शेवटच्या ओळीत एकच शब्द उरलेले परिच्छेद शोधा. प्रत्येकातील एखादा शब्द कमी केला की एक पूर्ण ओळ वाचते. एवढे करूनही दोन पाने कमी झाली नाहीत, तर प्रस्तावना आटोपशीर करावी, रोगांची माहिती नव्हे. पीडीएफ करण्यापूर्वी खालच्या पट्टीतील प्रीफ्लाइटचा, म्हणजे छपाईपूर्व तपासणीचा, ठिपका हिरवा झाला आहे, याची खात्री करून घ्या.