१८९७ : धास्ती प्लेगची होती की माणसांची?

धागाकर्ता : १८९६ च्या डिसेंबरमध्ये मुंबईहून आलेल्या ‘कुरलँड’ आणि ‘नादेरी’ या आगबोटी दक्षिण आफ्रिकेतील नाताळ या ब्रिटिश वसाहतीत डर्बनच्या बंदराबाहेर अडवल्या गेल्या. बोटींवर एकही रोगी नसताना मुंबईतील प्लेगचे कारण दाखवून विलगीकरणाची मुदत वाढवत नेली गेली आणि १३ जानेवारी १८९७ रोजी उतरलेल्या गांधीजींना तेथील गोऱ्या जमावाने रस्त्यात मारहाण केली. पुढे त्याच वर्षी पुण्यात प्लेग-अधिकारी रँडसाहेबाचे सोजीर घरोघर झडत्या घेत होते. प्लेग खरा होता, पण दोन्ही ठिकाणी त्याच्या नावाखाली रयतेला जागा दाखवून देण्याचे काम चालले होते, असे माझे मत आहे.

सदाशिवपेठी : हे मत मला घाईचे वाटते. पिसवा हा रोग पसरवतात हे फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी १८९८ साली दाखवले. तोवर रोगी हुडकणे, त्याला वेगळे ठेवणे आणि घर धुऊन काढणे यापलीकडे अधिकाऱ्यांच्या हाती फारसे काही नव्हते. टिळकांनीही खबरदारीला विरोध केला नव्हता, उलट त्यांनी स्वतः प्लेगचे हिंदू रुग्णालय काढले होते. हाँगकाँगमध्ये १८९४ साली सैनिकांकडून अशाच झडत्या झाल्या होत्या.

गोदाकाठ : हाँगकाँगही वसाहतच होती, तेव्हा हा दाखला तुमच्याच अंगाशी येतो. झडती आवश्यक होती असे घटकाभर धरू. पण देवघरात आणि माजघरात बुटांसह शिरणे कोणत्या वैद्यकात बसते? फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्यात ‘सद्भावनेने’ केलेल्या कृतीबद्दल अधिकाऱ्यावर दावा लावता येत नसे, मग तक्रार करायची कोणाकडे?

सदाशिवपेठी : तक्रारींतही अतिशयोक्ती होती. गोखल्यांनी विलायतेत केलेले आरोप पुराव्याअभावी मागे घेतले आणि माफी मागितली, ही गोष्ट सोयीस्करपणे गाळू नये.

धागाकर्ता : गाळत नाही. मात्र साक्ष द्यायला कोणी पुढे येईना, याचा अर्थ घडलेच नाही असा होत नाही. २२ जूनला रँड आणि लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्यानंतरच्या पुण्यात कोण पुढे येणार होते? आता नाताळ वसाहतीकडे पाहा. तिथल्या सरकारने १८९७ मध्येच स्थलांतर-निर्बंधाचा कायदा केला. नव्याने येणाऱ्याला युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे, अशी त्यात अट होती. प्लेगच्या जंतूला लिपी कळत असल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

सदाशिवपेठी : नाताळपुरते मान्य. पुण्यापुरते नाही, तेथे माणसे खरोखर मरत होती.

गोदाकाठ : मरत होतीच. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या, आणि त्यांना लागण झाली ती रोग्यांची सेवा करताना. दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्यांनी रोगी आणले, तेही कोणाचे दार न फोडता. अधिकाऱ्यांच्या हाती फारसे काही नव्हते, असे आपण म्हणता. सावित्रीबाईंच्या हाती तरी याहून अधिक काय होते?