मदत हवी आहे : गिटहबवरच्या रेपोच्या इतिहासातून जड फाइल्स काढायच्या आहेत
नमस्कार मंडळी,

आम्ही पाच जण मिळून जात्यावरच्या ओव्या ऐकवणारं छोटं ॲप करतोय. कोड गिटहबवर आहे आणि रेकॉर्डिंगच्या डब्ल्यूएव्ही फाइल्सही सुरुवातीपासून त्याच रेपोत (प्रोजेक्टच्या फाइल्स आणि त्यांचा सगळा इतिहास ठेवणारा साठा) टाकत आलो. ६०-७० एमबीच्या फाइल्सना नुसती ताकीद यायची. परवा मी १४० एमबीची टाकली आणि पुश (बदल गिटहबवर पाठवणं) अडला, कारण तिथे एका फाइलला १०० एमबीची मर्यादा आहे. फाइल डिलीट करून नवी कमिट (बदलांची नोंद) केली, तरी तोच एरर! ती आधीच्या कमिटमध्ये बसलेलीच होती. दोन्ही कमिट मागे घेतल्या तेव्हा सुटलं.

खरी अडचण जुन्या रेकॉर्डिंगची आहे. रेपो दोन जीबीच्या वर गेलाय. ज्या मैत्रिणीने यातल्या निम्म्या ओव्या गोळा केल्या, ती गावाकडून मोबाइल डेटावर काम करते. तिचं क्लोन (इतिहासासकट रेपो उतरवून घेणं) दोनदा अर्ध्यातच तुटलं. तिच्याशिवाय हे काम पुढे न्यायचं नाहीये.

गिट फिल्टर-रेपो या इतिहास नव्याने लिहिणाऱ्या साधनाने फाइल्स इतिहासातूनच काढाव्यात, की एलएफएसवर (मोठ्या फाइल्स वेगळ्या ठेवायची गिटची सोय) हलवाव्यात? दोन्हीत कमिटचे हॅश (ओळखखुणा) बदलणार, फोर्स पुश करावा लागणार, म्हणजे गिटहबवरचा जुना इतिहास जबरदस्तीने बदलावा लागणार, हे कळतं. पण चार पुल रिक्वेस्ट (मुख्य कोडमध्ये बदल घेण्याच्या विनंत्या) उघड्या आहेत. त्या आधी मर्ज करून घ्यायच्या का? आणि कुणी चुकून जुन्या क्लोनमधून पुश केलं तर सगळं ओझं परत येईल ना?

टीममध्ये हे कुणी केलं असेल तर कोणत्या क्रमाने केलंत, कृपया सांगा. मूळ रेकॉर्डिंग दोन हार्ड डिस्कवर सुरक्षित आहेत.